रस्स्यातला केस

टांडापेठ, नागपूर
१० नोव्हेंबर २०२४, रविवार

भारती,

आशीर्वाद घेशील का नाही ते तू पाय. मी देऊन राहिली.

तू चंदनले सांगतलं म्हणे, का आईचा फोन मले नको. ठीक आहे, फोन नको त नको. मी सातवी पास आहे, मले लिहिता येते. पाकीट भाताच्या शितानं चिकटवलं आहे. तुह्या नवऱ्यानं रस्त्यात खोललं त तुले लगेच समजंल, अन् मंग त्याचं मी पाहून घेईन.

इकडं सगळं बरं आहे. तुह्या सासऱ्याचे गुडघे होते तसेच आहेत. भोजनालय चालू आहे. गिऱ्हाईक विचारतात, वहिनी काहून दिसत नाहीत? मी सांगते, जूनमधी अपेंडिक्स फुटला होता, मोठं ऑपरेशन झालं, माहेरी काटोलले आराम करून राहिली. खोटं थोडीच आहे त्यात?

पण एक विचारते. मायाच्या डोहाळजेवणाच्या दुसऱ्या दिवशी तू बॅग उचलली, त्याले वीस दिवस झाले. दिवाळी गेली. एका केसावरून कोणी घर सोडते का वं? माह्या पोरीची सासू जेवाले बसलेली, तिच्या ताटात, रस्स्यात, केस निघाला. चाळीस बाया पाहून राहिल्या. कोणाचं तरी नाव घ्याच लागते तवा. मी म्हणलं, "भारतीचा असंल, तिचे झडून राहिले, चुलीजवळ येऊ नको म्हणलं तरी आयकत नाही." यात मी काय जगावेगळं बोलली? तुहे केस झडून राहिले होते का नव्हते? उशीवर, मोरीत, झाडूत, सगळीकडं तुहेच केस. मी रोज काढत होती, तुले बोलली का कधी?

जाऊ दे. चंदनसंग तेलाची शिशी पाठवली. जास्वंदाचे फुलं अन् कढीपत्ता घालून तीन घंटे मंद आचीवर उकळलं आहे. मेथीचे लाडू बी आहेत. लाव अन् खा. राग डोक्यात ठेवशील त केस कसे उगतीन तिथं?

तुही सासू,
सखूबाई

२४ नोव्हेंबर २०२४

भारती,

डबा भरलेला वापस आला. झाकणसुद्धा उघडलं नाही तू. शिशी बी जशीच्या तशी. चंदन म्हणे, "आई, ते म्हणते तेल नको." बस, इतकंच. तो पोरगा आजकाल माह्यासंग दोन शब्दावर तिसरा बोलत नाही. कळमेश्वरच्या कंपनीतून येते, जेवते, मोबाईल पाहते. मी सगळा राग तुह्या सासऱ्यावर काढला. त्याईचा काही संबंध नव्हता, पण ते समोर बसले होते.

मंगळवारी भोजनालय बंद ठेवलं. अलमारीतली तुही ऑपरेशनची फाईल काढली अन् मोठ्या दवाखान्यात गेली. तिथं काय खावं, काय नाही ते सांगाले एक मॅडम बसतात. लहानशीच पोर आहे, चष्मेवाली. फाईल पाहून म्हणे, "पेशंट तुमची कोण?"

माह्या तोंडातून निघालं, "पोरगी."

निघालं त निघालं. मंग बदलवाची हिंमत झाली नाही.

तिनं विचारलं, ऑपरेशननंतर काय खायला दिलं? मी सांगतलं. चाळीस दिवस तांदळाची पेज, गिल्ला भात, चहा अन् टोस. डाळ बंद, डाळीनं टाके पिकतात. अंडे बंद, मटण बंद, दही बंद, संत्रं बंद. मॅडमनं पेन खाली ठेवला.

"हे पथ्य कोणी सांगितलं?"

"तिच्या सासूनं," मी म्हणलं.

"काय करतात सासूबाई?"

"सावजी भोजनालय आहे तिचं."

अव माय, अशी पाहत राहिली माह्याकडं! म्हणे, "म्हणजे अख्ख्या गावाला मटण खाऊ घालतात, आणि घरची पोटावर टाके घेऊन पडलेली, तिला पेज?"

मी म्हणलं, "तशीच आहे ते. भैताड आहे."

खरं सांगू? त्या सासूले शिव्या देऊन मले बरं वाटलं. बाहेर येऊन मंग रडली.

मॅडमनं जे समजावलं ते लिहिते. ऑपरेशन, ताप, अन् त्यात पोटात अन्न नाही. मंग शरीर म्हणते, आधी जखम भरू, केसाचं मंग पाहू. म्हणून दोन-तीन महिन्यानं एकदम केस झडतात. टाके सुकले, बाई बरी झाली असं लोकाईले वाटते, अन् तवाच हे सुरू होते. पण मुळं मेली नसतात. नीट खाल्लं त येतात वापस, सहा महिने, कोणाले वरीस लागते. तेलानं काही होत नाही म्हणे. (माहे तीन घंटे वाया.) रक्त तपासून घे, लोह किती आहे ते पाय. जेवणासंग चहा नको, चहानं अन्नातलं लोह अंगी लागत नाही. जेवणावर संत्रं खा. ते काय, काटोलात तुह्या दारातच आहे.

डब्यात डाळभाजी आहे, पालक जास्त घातली. जवसाची चटणी. चार अंड्याचा रस्सा, तिखट कमी. यावेळी झाकण तरी उघड.

सखूबाई

१५ डिसेंबर २०२४

भारती,

डाळभाजी संपली! अंडे तसेच होते, चटणी अर्धी होती, पण डाळभाजीचा डबा धुतलेला आला. मी चंदनले विचारलं, तिनं खाल्ली का तिच्या आईनं? म्हणे, "मले काय माहीत, मी का डब्यात बसून होतो?" तरी बी मी ते तुहीच समजून राहिली. कांताबाईनं खाल्ली असंल त त्याईले बी चांगलं आहे.

चंदननं तुह्या रक्ताचा कागद मोबाईलवर दाखवला. लोह लय कमी आहे. डॉक्टरनं गोळ्या देल्या ते बरं केलं, पण गोळ्यानं उपाशी पोटी मळमळते, त्याईले विचारूनच घे. आज बकऱ्याची कलेजी पाठवली. सक्काळी सहाले जाऊन आणली, सौरव खाटकानं ताजी काढून देली. मिरे अन् अद्रक घालून परतली आहे. लिंबू पिळून खाय. तुले कलेजी आवडत नाही हे मले माहीत आहे. आवडीसाठी नाही पाठवली.

अंडे काहून नाही खाल्ले ते मी समजली. ते चाळीस दिवस. तू एकदा म्हणली होती, "आई, एक अंडं तरी द्या ना, भूक लागते." अन् मी अंड्याचा ट्रे उचलून भोजनालयात नेऊन ठेवला होता. तू पलंगावरून पाहून राहिली होती.

मले एक गोष्ट सांगाची आहे. मी हे कोणाले सांगतली नाही, चंदनले बी नाही.

चंदन पोट फाडून झाला. तवा माही सासू मले पेजच देत होती. मले भूक लागे, दूध पाजाचं राहे. एका दुपारी सगळे हातमागावर विणाले बसले होते, मी चोरून दोन अंडे उकडले अन् उभ्याउभ्यानं खाल्ले. चौथ्या दिवशी टाका पिकला. दोन महिने दवाखान्यात होती. पू काढाचे, परत शिवाचे, परत काढाचे. पोरगं माह्याजवळ नव्हतं, माहं दूध आटलं. सासू येऊन जाऊन म्हणे, खा अजून अंडे. मी तीस वर्षं हेच समजून होती, का मी माह्या हातानं केलं. आता मॅडम म्हणते, जखम घाणीनं पिकते, अंड्यानं नाही. कदाचित त्या पेजेमुळंच भरून येत नव्हती.

तुह्या पोटावर टाके पाहिले अन् मले माहाच पिकलेला टाका दिसला. दुश्मनीनं नाही उपाशी ठेवलं वं तुले. भेवानं ठेवलं. पण उपाशी त उपाशीच. चुकली मी.

हे एवढं लिहाले मले सहा दिवस लागले.

सखूबाई

१२ जानेवारी २०२५

भारती,

यावेळी डबा नाही.

चंदन सांगते, तू आता सगळं खाते. सकाळी मोड आलेली मटकी, दोन अंडे, दुपारी वरण, संत्रं. कलेजी नाक दाबून खाल्ली म्हणे. उशीवर केस कमी दिसतात असं बी तूच त्याले सांगतलं. मले लय आनंद झाला. तुह्या सासऱ्यानं दोन डाव देवाजवळ नारळ फोडला, गुडघे दुखत असून खाली वाकून.

पण तुहा निरोप नाही. एक शब्द नाही. मागच्या पत्रात मी इतकं लिहिलं, मले वाटलं आता त भारती काही तरी म्हणंल. चंदनले म्हणलं, अजून काय पाहिजे तिले? तो जेवता जेवता थांबला अन् म्हणे, "आई, तू तिले खाऊ घालून राहिली. तिनं तुले खाले मागतलं का?"

चार दिवस मी त्यावर फुगून बसली. मंग आज सांगते.

डोहाळजेवणाच्या दिवशी इहीणबाईनं ताटातून केस उचलून माह्या हातावर ठेवला. मी तो घेऊन मोरीवर गेली, खिडकीजवळ. लांब काळा केस होता. तुहाच समजली मी. पण उजेडात पाहिलं त मुळाशी बोटाच्या अर्ध्या पेराइतका पांढरा होता.

तुह्या डोक्यात एक पांढरा केस नाही. माह्या आहेत. मी दर महिन्याले काळी मेंदी लावते, त्या महिन्यात कामामुळं राहून गेली होती.

माहा होता तो, भारती.

मी नळ सोडला, केस वाहवला, पदराले हात पुसले, बाहेर आली अन् तुहं नाव घेतलं. माहीत असून घेतलं. तीस वर्षापासून माह्या हातचा रस्सा लोकं खातात. पोरीच्या सासरचे बसलेले. सखूबाईच्या रस्स्यात सखूबाईचा केस, हे माह्यानं म्हणवलं नाही. अन् तू होतीस तिथं, दरवाज्यात, वाढाची पळी हातात घेऊन. तुहे झडून राहिले हे सगळ्याईले दिसत होतं. लोकं लगेच पटवून घेतीन हे मले समजलं होतं. तुह्या आजारपणाचाच फायदा घेतला मी.

मंग तू पळी खाली ठेवली अन् डोक्यावर ओढणी घेतली. ते मी पाहिलं.

डाळभाजी पाठवली, अंडे पाठवले, कलेजी पाठवली. हे नाही पाठवलं. घाबरट आहे मी. मले माफ कर असं लिहाची बी लाज वाटून राहिली.

माया बाळंतपणाले आली आहे. दिवस भरले. ते आत झोपली, म्हणून लिहिता आलं.

सखूबाई

९ फेब्रुवारी २०२५

भारती,

मायाले पोरगी झाली हे चंदननं सांगतलंच असंल. बुधवारी बारसं झालं. तू येणार नाही हे मले माहीत होतं, तरी दारावर दोन-तीनदा जाऊन आली.

त्याच सगळ्या बाया होत्या. इहीणबाई, तिच्या जावा, आपल्या गल्लीतल्या. पोरीचं नाव ठेवलं, पाळणा झाला, घुगऱ्या वाटल्या. मंग पंगत बसली. मी रस्स्याचं भगुनं घेऊन मधात उभी राहिली. भगुनं खाली ठेवलं.

म्हणलं, "बाया हो, घास घ्याच्या आधी आयका. डोहाळजेवणात इहीणबाईच्या ताटात केस निघाला होता. मी सुनेचं नाव घेतलं होतं. तो केस माहा होता. मले तवाच माहीत होतं. माहा मेंदीचा केस होता, मी धुऊन टाकला अन् तिच्यावर घातला."

कोणाच्या तरी लेकराचा तेवढा खुळखुळा वाजून राहिला होता. माया आतून आली, तोंड लाल. "आई, आजच काढाचं होतं का हे? माह्या पोरीच्या बारशाले?" मी म्हणलं, त्याच बाया परत एका जागी कवा भेटतीन मले?

इहीणबाई ताटावरून उठली नाही, हे तिचं मोठेपण. म्हणे, "सखूबाई, तवाच सांगतलं असतं त मी काय तुम्हाले फाशी देणार होती? बिचाऱ्या पोरीले काहून मधात घेतलं?" मी वाढू लागली. दोघीतिघीनं रस्सा घेतला नाही, पोळी-वरण खाऊन उठल्या. उठू दे.

मायानं दोन दिवस माह्यासंग अबोला धरला. काल पोरगी रडून राहिली होती, तवा बोलली.

काळी मेंदी मी बंद केली. भांगात दोन बोटं पांढरं निघालं आहे, खाली काळं. तुहे सासरे म्हणतात, दोन बाया एका डोक्यात दिसून राहिल्या. स्वयंपाक करताना डोक्याले फडकं बांधते, ते त तीस वर्षांपूर्वीच बांधाले पाहिजे होतं. पण त्यातूनबी एखादा केस निघालाच, त आता कोणाचा ते विचाराचं काम नाही.

तुले वापस ये म्हणून हे केलं नाही. नाही आली तरी हे खरंच राहीन.

चंदनसंग घुगऱ्या पाठवल्या. हरभऱ्याच्या आहेत, तुह्या पथ्यात बसतात. आता खरं पथ्य ते.

सखूबाई

२ मार्च २०२५

भारती,

तुही चिठ्ठी भेटली. चंदननं खिशातून काढली त चुरगळलेली होती, मी त्याले खूप बोलली. इस्त्रीखाली धरून सरळ केली. आता पाठ झाली आहे. तरी लिहून काढते, मले बरं वाटते.

तू लिहिते, "आई, समोरून बारीक बारीक केस उगवून राहिले. उभे राहतात, विंचरले तरी बसत नाहीत. लोह वाढलं. घुगऱ्या चांगल्या होत्या."

इथपर्यंत मी हासून राहिली होती. तुह्या सासऱ्याले मोठ्यानं वाचून दाखवत होती. मंग खालचं आलं अन् मी मनातच वाचू लागली.

"केस तुमचा होता हे मले त्याच दिवशी माहीत होतं. मी दरवाज्यातून पाहून राहिली होती. तुम्ही तो खिडकीशी धरला अन् तुमचं तोंड उतरलं. इहीणबाईसमोर तुमची मान खाली जाऊ नये म्हणून मी चूप राहिली. मले वाटलं, बाया गेल्यावर तुम्ही येसान अन् सांगसान. दुसऱ्या दिवशी मी सकाळच्याच बसनं जाणार होती. बॅग भरून खोलीत बसली. सकाळची बस जाऊ देली. दुपारची आली तवा निघाली."

भारती, त्या सकाळी मी काय करून राहिली होती ते तुले माहीत आहे. मसाला कुटून राहिली होती. घरात मसाला होता, दोन डबे भरून होता. तरी कुटत बसली, कारण त्याचा आवाज होते अन् मंग दुसरं काही आयकू येत नाही. तुह्या खोलीच्या दाराकडं पाठ करून बसली होती. तू मधात एकदा पाणी प्याले आली. माह्या मागं उभी राहिली. मले तुहे पाय समजले. मी मान वळवली नाही.

मले वाटत होतं, तू रागानं गेली. तू त माह्यासाठी चार घंटे बसून होती वं. माहा मान राखला, माहा गुन्हा पोटात ठेवला, ऑपरेशनच्या पोटात, अन् तरी बी मी येईन म्हणून वाट पाहिली. अन् मी चार महिने तुले अंडे पाठवून राहिली.

चिठ्ठीत तू शेवटी लिहिलं, "येईन का नाही ते आत्ता सांगत नाही." सांगू नको. तुह्यावर काही जबरदस्ती नाही. चंदनले मी सांगून ठेवलं आहे, तिले काटोलात राहाचं असंल त तू तिकडून कळमेश्वरले जा-ये कर, माह्याकडं पाहू नको.

पण मी येऊन राहिली. बुधवारी, सकाळच्या बसनं. डबा आणणार नाही. तुह्या घरी आत ये म्हणलं नाही तरी चालते, बाहेर ओट्यावर बसन. तू लगेच भेटाले येऊ नको. दुपारची बस जाऊ दे. सायंकाळची बी जाऊ दे. तुहं मन झालं तवा ये, डोकं झाकू नको, उभे राहिलेले केस तसेच राहू दे. मले पाहाचे आहेत.

अन् नाहीच आली तू बाहेर, त कांताबाईले म्हणन, मले आजची रात ठेवून घ्या, उद्या सकाळपासून परत बसाचं आहे.

सखूबाई